पाटीवरचं नाव

कोल्हापूर

गुरुवार, १९ सप्टेंबर २०२४

पितृपक्ष लागला आणि हॉटेल रिकामं झालं. दरवर्षीचंच आहे. फॅमिली हॉलमध्ये दुपारी मोजकी टेबलं, मटणाची ताटं निम्म्यावर, वर लॉजिंगच्या बऱ्याच खोल्या बंद. घटस्थापनेपासून अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांची रीघ लागेल ती थेट दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. तेव्हा मान वर करायला सवड मिळणार नाही. म्हणून रंग, डागडुजी, गाद्या बदलणं ही कामं आम्ही या पंधरवड्यात उरकतो. यंदा त्यात मी आणखी एक काम घातलंय. आमच्या जागेत कुठेही विडी-सिगारेट ओढली जाणार नाही, हे खरोखर घडवायचं.

हे म्हणाले, "पितृपक्षात नवीन काही काढू नये." मी म्हटलं, नवीन कुठलं? नियम सोळा वर्षांचा झालाय.

दुपारी गल्ल्यावर बसून नियमांचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. केंद्राचा मूळ कायदा २००३ चा, ज्याला सगळे 'कोटपा' म्हणतात. त्याच्या चौथ्या कलमात सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. ती कशी पाळायची याचे नियम ३० मे २००८ ला निघाले आणि त्याच वर्षीच्या २ ऑक्टोबरला लागू झाले. ओढणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण २००८ च्या नियमांत बोट आधी ठेवलंय ते मालकावर, व्यवस्थापकावर, त्या जागेचा कारभार पाहणाऱ्यावर. जागेत कोणी ओढणार नाही हे त्याने पाहायचं. दारात आणि आत ठळक पाट्या लावायच्या. ॲशट्रे, काडेपेटी, लायटर असलं काही पुरवायचं नाही. तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव लिहून लावायचं. आणि तक्रार येऊनही मालकाने काही केलं नाही, तर जितक्या जणांनी ओढली तितक्यांचा दंड मालकावर.

आमच्या गल्लीतले हॉटेलवाले दोनशे रुपयांना हसतात. रक्कम खरंच लहान आहे. कर्नाटकाच्या विधिमंडळाने याच वर्षी ती हजारावर नेण्याचं ठरवलं, ते बरं केलं. पण मला त्या कागदात रकमेपेक्षा दुसरंच दिसलं. सरकारने इथे माणूस नेमून दिलाय, आणि तो माणूस गल्ल्यावर बसतो.

शनिवार, २१ सप्टेंबर

संध्याकाळी सातपासून परमिट रूममध्ये बसून राहिले. शनिवार असल्यामुळे पितृपक्षातही बऱ्यापैकी माणसं होती. साडेआठपर्यंत छताखाली धुराचा थर तयार झाला. एसी तोच धूर आत ओढतो आणि तोच परत सोडतो. गिऱ्हाईक तास-दोन तासांनी उठून जातं. काउंटरमागचा आमचा माणूस दुपारी चारला येतो तो रात्री बारापर्यंत तिथेच. सासऱ्यांच्या काळापासून आहे. स्वतः सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही. त्याला विचारलं, त्रास होतो का? म्हणाला, "सवय झालीया वैनी. बायको तेवढी शर्ट येगळी भिजत घालती."

सिगारेट पेटलेली असते तेव्हा तिच्या जळत्या टोकातून निघणारा धूर ओढणाऱ्याच्या फिल्टरमधूनही जात नाही. तो सरळ खोलीत येतो. जपानच्या ताकेशी हिरायामांनी १९८१ साली दाखवून दिलं की नवरा ओढत असेल तर आयुष्यात कधी न ओढलेल्या बायकोलाही फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा २००६ चा अहवाल त्याहून स्पष्ट आहे: दुसऱ्याच्या धुराची निर्धोक अशी मात्रा नाही, आणि पंखे लावून, हवा गाळून किंवा एकाच हॉलचे दोन भाग करून हा धोका जात नाही. ही सगळी माहिती जगाला कित्येक वर्षं आहे. आपल्याकडे २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात, बंदिस्त जागेत काम करणाऱ्यांपैकी ३०.२ टक्के लोक कामाच्या ठिकाणी दुसऱ्याचा धूर घेत होते. म्हणजे दहातले तीन. आमचा काउंटरवाला त्या तिघांतला.

त्याच सर्वेक्षणातला महाराष्ट्राचा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. राज्यात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ ३.८ टक्के, आणि मळून, चघळून, दाढेला धरून खाणारे २४.४ टक्के. आपलं राज्य ओढणाऱ्यांचं नाहीच. शंभरात चार माणसांच्या सोयीसाठी उरलेल्या शहाण्णवांनी आणि त्यांना वाढणाऱ्या पोरांनी धुरात का बसायचं, याचं उत्तर मला कोणी देत नाही. "गिऱ्हाईक तुटंल" एवढंच म्हणतात. (खाणाऱ्यांचा प्रश्न आमच्या स्वयंपाकघरात आहेच. तो वेगळा काढावा लागेल.)

सोमवार, २३ सप्टेंबर

आज मॅनेजरशी लॉनवरून वाद झाला. त्याचं म्हणणं, हॉल आणि परमिट रूम बंद करा, पण मागचं लॉन उघड्यावर आहे, तिथे चालतं. कायद्यात 'मोकळी जागा' सार्वजनिक ठिकाणात धरलेली नाही, हे त्याने कुठेतरी ऐकलंय आणि ते खरं आहे. पण २००८ च्या नियमांत रेस्टॉरंट म्हणजे काय ते सांगताना भोवतालची मोकळी जागाही त्यातच धरली आहे. कॅन्टीन, कॉफी हाऊस, पब, बार, मंगल कार्यालयासारखे हॉल, सगळं त्या व्याख्येत येतं. स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बसस्टँड यांनाही मोकळी जागा म्हणून सूट नाही. तेव्हा आमचं लॉन म्हणजे आमचं रेस्टॉरंटच. वर पत्रा नाही म्हणून ते सुटत नाही.

त्याला कागद वाचायला दिला. वाचून म्हणाला, "मग त्यांनी जायचं कुठं?" फाटकाबाहेर. रस्ता मोकळी जागा आहे, तिथे त्यांना मी अडवू शकत नाही आणि अडवणारही नाही. आमच्या हद्दीत नाही, इतकंच माझं म्हणणं आहे.

फाटकाबाहेर टपरी आहे. तिथून आमचे वेटर गिऱ्हाइकासाठी सुट्ट्या सिगारेटी आणून देतात, वर दहा-वीस रुपये टिप मिळते. सुटी विडी-सिगारेट विकायला राज्याने सप्टेंबर २०२० मध्येच बंदी केली. टपरीवाल्याचं तो बघेल. पण आमचा माणूस ड्युटीवर असताना सिगारेट आणायला जाणार नाही, हे आजपासून ठरवून टाकलं. टिपेचं नुकसान होईल, ते पगारात धरू. ह्यांनी मान हलवली, तोंडाने काही म्हणाले नाहीत.

मंगळवार, २४ सप्टेंबर

एसीचं काम करणारा आला होता. ह्यांच्या आग्रहावरून त्याला बोलावलं. ह्यांचं मत असं की कायद्यातच सवलत आहे, तर घ्यावी. सवलत आहे हे खरं. तीस किंवा त्याहून जास्त माणसं बसतील असं रेस्टॉरंट, तीस खोल्यांचं हॉटेल आणि विमानतळ, यांना धूम्रपानाची वेगळी खोली करता येते. आमच्या लॉजिंगला बावीसच खोल्या, तेव्हा तिथला प्रश्न मिटला. पण परमिट रूममध्ये चाळीस जण बसतात, हॉलमध्ये साठ. म्हणजे रेस्टॉरंट म्हणून आम्ही पात्र आहोत.

मग ती खोली कशी हवी ते त्याला वाचून दाखवलं. चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती. आपोआप मिटणारं आणि एरवी मिटलेलंच राहणारं दार. आतली हवा थेट इमारतीबाहेर फेकणारा एक्झॉस्ट, ती परत एसीत येता कामा नये. आत हवेचा दाब बाकी इमारतीपेक्षा कमी, म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेरून आत जाईल, आतला धूर बाहेर येणार नाही. खोली येण्याजाण्याच्या दाराशी नको. एका कोपऱ्याला काच लावून 'स्मोकिंग झोन' लिहिलं की झालं, असं कित्येक ठिकाणी करतात. ते नियमात कुठेच बसत नाही.

त्याने मापं घेतली, हिशेब केला, आकडा सांगितला. आकडा मोठा होता, पण माझा निर्णय त्यावर झाला नाही. २०१७ च्या दुरुस्तीने त्या खोलीत कुठलीही सेवा द्यायला मनाई केली आहे. दारू नाही, चखणा नाही, पाण्याचा ग्लासही नाही. अठरा वर्षांखालच्याला प्रवेश नाही, आणि तसा बोर्ड दारावर. मग तिथे माणूस पाच मिनिटं उभं राहून ओढणार आणि बाहेर येणार. ते तो फाटकाबाहेरही करू शकतो. आणि त्या खोलीची लादी रोज रात्री कोण पुसणार? आमच्या झाडू-पोछाच्या मावशीच ना? कमी दाबाच्या, धुराने भरलेल्या त्या खोलीत त्यांना बादली घेऊन पाठवायचं, एवढ्यासाठी मी लाखांत खर्च करणार नाही. ह्यांना हा मुद्दा पटला. एसीवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

निपाणीला जाऊन आले. वडिलांचा म्हाळ होता. कोल्हापूरहून चाळीसेक किलोमीटर, पण तिथला वास मला अजून वेगळा ओळखू येतो. माझं लहानपण तंबाखूत गेलं. आमची गल्ली वखारींची. सुगीनंतर गाड्याच्या गाड्या लागायच्या आणि वखारींच्या दारातून तंबाखूचा खकाणा धुक्यासारखा रस्त्यावर यायचा. शाळेत जाताना आम्ही ओढणी नाकाला धरून पळत जायचो. बाहेरगावचा पाहुणा आला की दारातच शिंकायला लागायचा.

आत बायका असायच्या. तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या, पाखडणाऱ्या. डोक्यापासून तोंडापर्यंत फडकं गुंडाळलेलं, फक्त डोळे दिसायचे, तेही लाल. खिडक्या बंद ठेवायचे, कारण वाऱ्याने माल उडतो. माल उडू नये म्हणून बाईने तो श्वासात घ्यायचा, असा तो हिशेब होता. शेजारच्या मावशी वखारीत जायच्या. संध्याकाळी न्हाऊनही त्यांच्या अंगाला वास राहायचा. त्यांच्या खोकल्यावरून आई वेळ सांगायची. अनिल अवचटांनी या बायकांवर लिहिलं तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला वखारीच्या आतलं कळलं. १९८१ साली शरद जोशींच्या मागे तंबाखूचे शेतकरी निपाणीत रस्त्यावर बसले, त्यांच्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. ते दिवस मला आठवतात. शेतकऱ्याला भाव मिळत नव्हता, बाईला मजुरी मिळत नव्हती, आणि तंबाखू मात्र देशभर जात होता. त्यातला काही आज माझ्या परमिट रूममध्ये जळतो.

आज म्हाळाच्या जेवणानंतर भावाशी हेच बोलत होते. तो म्हणाला, "ताई, आपलं घर तंबाखूवर उभं राहिलं आणि तू त्यालाच बंदी घालतीस?" आमचं घर तंबाखूवर उभं राहिलं हे मी नाकारत नाही. पण शेजारच्या मावशींना कोणी विचारलं नव्हतं, हा खकाणा तुम्हाला चालतो का म्हणून. माझ्या काउंटरवाल्यालाही कोणी विचारलेलं नाही. पोटासाठी उभ्या राहिलेल्या माणसाला त्याच्या छातीचा भाव विचारायचाच नाही, ही रीत मी लहानपणी पाहिली आहे आणि ती माझ्या छपराखाली मला नको.

भाऊ गप्प बसला. मग म्हणाला, आपल्या अडत दुकानातही कामगार ओढतात, तिथेही लागू आहे का? आहे. कामाची ठिकाणंही नियमांत धरलेली आहेत. शिरोली एमआयडीसीतल्या माझ्या दिरांच्या कारखान्यालाही तेच. खासगी कचेऱ्यांत तर संस्थेचा प्रमुख, मनुष्यबळ व्यवस्थापक किंवा प्रशासनप्रमुख यांना दंड करण्याचा अधिकारसुद्धा दिलेला आहे. मी जाऊबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना खरंच वाटलं नव्हतं.

शनिवार, २८ सप्टेंबर

पेंटर आला. बाजारात मिळणारे वीतभर स्टिकर त्याने आणले होते. ते चालत नाहीत. पाटी कमीत कमी साठ सेंटिमीटर बाय तीस, म्हणजे त्याच्या भाषेत दोन बाय एक फूट. पांढरी जमीन. त्यावर निदान पंधरा सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ, त्याची लाल कड तीन सेंटिमीटर रुंद, आत धूर निघणारी विडी किंवा सिगारेट आणि तिच्यावरून तितक्याच रुंदीचा लाल आडवा पट्टा. खाली मजकूर: धूम्रपान निषिद्ध क्षेत्र, येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे. आम्ही मराठीतच लिहायला सांगितलं.

मुख्य दार, फॅमिली हॉल, परमिट रूम, लॉनचं फाटक, जिना, लॉजिंगचे दोन्ही मजले. लिफ्ट नाही, असती तर तिच्या दाराशीही लावावी लागली असती. पेंटर म्हणाला, "वैनी, एवढ्या पाट्या दवाखान्यातबी नसत्यात." असायला हव्यात.

सोमवार, ३० सप्टेंबर

पाटीखाली तक्रारीसाठी कोणाचं नाव, यावर सकाळी तासभर गेला. मॅनेजरने कॅप्टनचं नाव सुचवलं. कॅप्टन जेमतेम पंचविशीचा, राधानगरीकडचा, गरीब स्वभावाचा. त्याच्या चेहऱ्यावर भीती स्पष्ट दिसली. परवा त्याने एका टेबलाला नुसतं "साहेब, विझवता का" म्हटलं, तर त्या माणसाने त्याला आईवरून शिवी दिली आणि मॅनेजरनेच वर त्याला माफी मागायला लावली.

सगळीकडे हेच होतं. मालक पाटी लावतो, आणि ती पाळून घेण्याचं काम सर्वांत कमी पगाराच्या पोरावर टाकतो. गिऱ्हाईक चिडलं की पोराला आत पाठवतो आणि गिऱ्हाइकापुढे स्वतः हसतो. म्हणून पाट्या धुरकट होऊन जातात आणि कोणी ऐकत नाही. गिऱ्हाइकालाही कळतं की पाटीमागे मालक उभा नाही.

मी पेंटरला माझं नाव आणि माझा मोबाईल नंबर लिहायला सांगितला. हे म्हणाले, "रात्री-बेरात्री फोन येतील. बाईमाणसाचा नंबर बाहेर लावायचा?" त्यांची काळजी मला समजते. शेवटी तडजोड अशी केली की पाटीसाठी वेगळं सिमकार्ड घ्यायचं, आणि रात्री दहानंतर तो फोन आमच्या खोलीत दोघांच्या मध्ये असेल. पण नाव माझंच.

बुधवार, २ ऑक्टोबर

गांधी जयंती, ड्राय डे, आणि सर्वपित्री अमावास्याही. परमिट रूम बंद. सगळ्या कामगारांना दुपारी जेवायला बसवलं आणि मग हॉलमध्ये बोलले.

आजच्याच तारखेला २००८ साली हे नियम देशभर लागू झाले, अन्बुमणी रामदास आरोग्यमंत्री असताना. त्याआधी २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुरली देवरांच्या याचिकेवर सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई करण्याचा आदेश दिला होता. देवरा मुंबईचे. गोव्याने तर १९९७ मध्येच धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध आपला कायदा केला होता. पोरांना हे सांगितलं, कारण 'वैनीच्या डोक्यातलं खूळ' अशी कुजबुज माझ्या कानावर आली होती.

मग कामाचं. ॲशट्रे काल सगळ्या भंगारात दिल्या. रिकामी बशी टेबलावर ठेवायची नाही, कारण ती लगेच ॲशट्रे होते. गल्ल्यावर काडेपेटी नको. उदबत्तीसाठी लागते ती देवघरात ठेवा. गिऱ्हाइकाने सिगारेट काढली की पेटवायच्या आधीच जवळ जाऊन एकदा सांगायचं, "साहेब, आत चालत नाही, फाटकाबाहेर जाऊन या, टेबल राखून ठेवतो." आवाज चढवायचा नाही, हुज्जत घालायची नाही. ऐकलं नाही तर कॅप्टनला सांगायचं, त्याने मला. तोवर त्या टेबलाची पुढची ऑर्डर घ्यायची नाही. दंड वसूल करणं हे आपलं काम नाही, त्याला नेमलेले अधिकारी आहेत. फौजदार आणि त्यावरच्या पोलिसांनाही तो अधिकार आहे, गरज पडली तर बोलवू. आणि कोणी शिवी दिली, तर माफी त्या गिऱ्हाइकाने मागायची.

शेवटचं वाक्य ऐकून पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

काउंटरवाल्याने विचारलं, "मंत्री आला तरी?" होय, मंत्री आला तरी.

मळून खाणाऱ्यांसाठी १८००-११२-३५६ हा सरकारचा मोफत नंबर स्वयंपाकघराच्या दारावर लावला आहे. सोडायचं असेल त्याला तिथे सल्ला मिळतो. वस्तादाने चष्मा लावून तो वाचला आणि मोबाईलमध्ये घालून घेतला.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

नवरात्राची गर्दी. लॉजिंगच्या पावती-पुस्तकावर नवी ओळ छापून घेतली: खोलीत, बाथरूममध्ये, गच्चीवर धूम्रपान करणार नाही. खाली सही. सोलापूरच्या एका कुटुंबातल्या आजी सही करताना म्हणाल्या, "बाई, हे बरं केलंत, गेल्या खेपेस उशीलाही वास होता." त्या गेल्या खेपेस कुठे उतरल्या होत्या हे मी विचारलं नाही.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

दुपारी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि रात्री परमिट रूम भरली. निवडणूक लागली की आमचा धंदा वाढतो, हे कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे.

साडेनऊला कॅप्टनने गल्ल्यावर येऊन सांगितलं, "वैनी, कोपऱ्यातलं मोठं टेबल." एक पुढारी, आठ-दहा कार्यकर्ते. तिघांनी पेटवलेल्या. वेटरने सांगितलं तर एकाने त्याच्याच हातातल्या ट्रेमध्ये राख झटकली. मी उठले. ह्यांनीही खुर्ची मागे सारली, पण मी त्यांना बसा म्हटलं.

टेबलाजवळ जाऊन नमस्कार केला. म्हटलं, "साहेब, तुम्ही आमच्याकडे येता हा आमचा मान आहे. पण आत कोणी ओढत नाही आता. पाटीवर माझंच नाव आहे, म्हणून सांगायला मी आले." एक कार्यकर्ता म्हणाला, "वैनी, साहेबांना ओळखत नाही काय?" ओळखते म्हणाले. म्हणूनच त्यांना सांगणं सोपं आहे, कायदा करणाऱ्यांच्या रांगेतली माणसं आहेत. साहेब थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग स्वतःची विझवायला जागा शोधू लागले. ॲशट्रे नव्हती. कॅप्टनने पाण्याचा पेला पुढे केला. तिघांच्याही त्यात गेल्या.

टेबल रागाने उठलं नाही. अकरापर्यंत बसले, दोनदा फाटकाबाहेर जाऊन आले, पूर्ण बिल दिलं. ट्रे धरलेल्या पोराला मात्र कोणी काही म्हणालं नाही. ते मला खटकलं. मी त्याला आत नेऊन चहा दिला. त्याचे हात थरथरत होते. उद्यापासून मोठी टेबलं बसायच्या आधीच मी स्वतः जाऊन सांगणार, म्हणजे वेटरवर पाळी येणार नाही.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

दोन तरुण मुलं आली. दिवाळीनंतर लॉन भाड्याने मागत होती, दर शनिवारी 'हर्बल हुक्का' ठेवायचा म्हणून. मी विचारायला वेळ दिला नाही. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली, संशय हुक्क्याच्या निखाऱ्यांवर होता, चौदा माणसं गेली. पुढच्याच वर्षी राज्याने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. एक ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते एक लाख दंड. त्या रात्री मेलेल्यांत वाढदिवस साजरा करायला आलेली मुलगी होती. लॉनवर मांडव घालून मी तसलं काही करू देणार नाही. ई-सिगारेटचीही विक्री २०१९ पासून देशात बंद आहे. "ही वाफ आहे, धूर नाही" म्हणणाऱ्याला आमचे वेटर आता बाहेर पाठवतात.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

दिवाळीचा हिशेब लागला. परमिट रूमचा गल्ला पहिल्या पंधरवड्यात थोडा उतरला, मग सावरला. फॅमिली हॉलचा वाढला. सणाचे दिवस असल्यामुळे यातलं किती कशाने, हे मी छातीठोक सांगणार नाही. पण जगभराचा अनुभव गोळा करून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये निष्कर्ष काढला होता की धूरमुक्तीने रेस्टॉरंट-बारचा धंदा घटत नाही. आयर्लंडसारख्या पबवर जगणाऱ्या देशाने मार्च २००४ मध्ये सगळे पब एका दिवशी धूरमुक्त केले.

'एका दिवशी' हाच मुद्दा मी काल हॉटेल मालकांच्या बैठकीत मांडला. एकट्याने केलं की गिऱ्हाईक शेजारी जाईल, ही भीती प्रत्येकाला आहे. सगळ्यांनी एकत्र केलं तर जाणार कुठे? दोघांनी होकार दिला. बाकीचे म्हणाले, निवडणूक होऊ दे. एक वयस्कर मालक, माझ्या सासऱ्यांचे मित्र, बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "सूनबाई, तो पाट्यांचा पेंटर पाठवून द्या माझ्याकडे."

गुरुवार, २१ नोव्हेंबर

मतदानासाठी बंद असलेला बार काल संध्याकाळनंतर उघडला. रात्री पावणेबाराला पाटीवरचा फोन वाजला. लॉजिंगच्या दुसऱ्या मजल्यावरून एक बाई. लहान मूल बरोबर, त्याला दमा. बाथरूममधून धूर येतोय म्हणाल्या. त्यांच्या खोलीत कोणी ओढत नव्हतं.

आम्ही दोघंही वर गेलो. शेजारच्या खोलीचं दार वाजवलं. निवडणुकीच्या कामाला आलेला पुण्याचा माणूस होता. नाही म्हणाला, मग हो म्हणाला. ह्यांनी त्याला सही केलेली पावती दाखवली. तो खाली फाटकापर्यंत जाऊन ओढून आला. बाईंना पहिल्या मजल्यावर दुसऱ्या टोकाची खोली दिली, सामान कॅप्टनने उचललं. वहीत तारीख, वेळ, खोली आणि काय केलं ते लिहून ठेवलं.

आज सकाळी प्लंबरला घेऊन दोन्ही बाथरूम पाहिली. दोघांचे एक्झॉस्ट एकाच उभ्या नळकांड्यात सोडलेत, आणि वरचं झाकण पूर्वी कधीतरी सिमेंटने बुजवलंय. एकाच्या खोलीतली हवा दुसऱ्याच्या खोलीत जाते. दुसऱ्या मजल्यावरच्या आठही बाथरूमचं तसंच असणार. सोमवारपासून दोन-दोन खोल्या बंद ठेवून काम काढायचं ठरलं. ह्यांनीच मिस्त्रीला फोन लावला आणि मला म्हणाले, पहिल्या मजल्याचंही बघून घे, एकदाच होऊन जाईल.